दुखण्याचं व्हाउचर

बँकेत बावीस वर्षं कारकुनी केल्यावर माणसाचा एकाच गोष्टीवर दृढ विश्वास बसतो. ती गोष्ट म्हणजे, कशावरही विश्वास ठेवू नये. २०२४ च्या वेतनकरारानंतर आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव लांबलं, पण संशय होता तेवढाच राहिला. समोरचा माणूस 'मीच तो' म्हणाला, तर आम्ही म्हणतो, कागद दाखवा. कागद दाखवला तर म्हणतो, मूळ प्रत दाखवा. मूळ प्रत दाखवली तर म्हणतो, झेरॉक्स कुठाय?

याचा कळस होतो नोव्हेंबरात. पेन्शन घेणाऱ्याला वर्षातून एकदा आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा जिना चढून माझ्यासमोर उभे असतात. त्यांची धाप मला ऐकू येत असते, त्यांनी नुकत्याच घेतलेल्या चहाचा वास येत असतो, वर 'पंखा लावा की हो जरा!' म्हणून ते माझ्यावर खेकसलेलेही असतात. आणि मी त्यांना शांतपणे विचारतो, "आजोबा, जिवंत असल्याचा पुरावा?" २०१४ पासून हे काम आधार क्रमांकावर आणि अंगठ्यावर होऊ लागलं. पण जन्मभर राबून झिजलेल्या अंगठ्याला रेषा उरत नाहीत. यंत्र म्हणतं, 'जुळत नाही.' आजोबा अंगठा धोतराला पुसून पुन्हा टेकवतात. यंत्र पुन्हा म्हणतं, 'जुळत नाही.' पुढे चेहरा दाखवूनही काम होऊ लागलं, हे आजोबांचं नशीब. पण यंत्र आणि आजोबा या दोघांत खरं कोण, असा प्रश्न जेव्हा जेव्हा पडला, तेव्हा तेव्हा अस्मादिक यंत्राच्या बाजूने उभे राहिलेले आहेत.

ही सवय बँकेतच ठेवून यायची असते. मी ती डब्याच्या पिशवीतून घरी आणत होतो, हे मला बरंच उशिरा कळलं.

आमचे चिरंजीव आता सात वर्षांचे आहेत. चार वर्षांचे असताना त्यांनी माझ्या काउंटरवर पहिली तक्रार दाखल केली.

"बाबा, शर्ट चावतो."

मी चष्मा लावून शर्टाची कसून तपासणी केली. मानेपाशी एक लेबल होतं. त्यावर 'शंभर टक्के सुती, थंड पाण्यात धुवा' असा मजकूर होता. दात कुठेही नव्हते. तक्रार निकालात काढली.

पण तक्रारी थांबेनात. मोज्याची शिवण बोटाला खाते. भेंडी 'ओली' आहे. आमटीतलं कढीपत्त्याचं पान जिभेला लागलं की जेवण संपलं. मिक्सर लागला की चिरंजीव दोन्ही कान दाबून बाथरूममध्ये. कुकरच्या तीन शिट्ट्या म्हणजे तीन आकांत. नखं काढायला दोघांनी धरायचं आणि एकाने काढायची. न्हाव्याच्या दुकानात तर असा टाहो, की तिथे दाढीला बसलेली दोन गिऱ्हाइकं तशीच अर्ध्या फेसासकट उठून बघायला आली, हजामत चाललीय की खून.

बरं, पोर नाजूक म्हणावं, तर तेही नाही. हाच गृहस्थ भिंतीवर धावत जाऊन आदळायचा आणि हसायचा. पलंगावरून पडला तर 'आई गं' नाही. गोल गोल फिरायला लागला की बघणाऱ्याला चक्कर यायची, याला नाही. आणि रात्री दोन गाद्यांच्या मध्ये, सँडविचमधल्या काकडीसारखा, स्वतःला दाबून घेऊन पडायचा. लेबल सोसत नाही आणि भिंत सोसते! कॉमर्सच्या पदवीधराला हा ताळेबंद जुळेना.

आपल्याकडे मूल एकाचं असलं तरी मत सगळ्यांचं असतं. आई म्हणाली, दृष्ट लागली. मामा म्हणाले, आमच्या वेळी असलं काही नव्हतं, एक ठेवून द्यायचे की सगळी शिवण सरळ व्हायची. आमच्या कॅशियरने 'एकुलतं एक आहे ना?' असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मान हलवली. सौ. मात्र काही बोलली नाही. तिने एका दुपारी घरातल्या सगळ्या छोट्या शर्टांची लेबलं उसवून टाकली. मी म्हणालो, "अशाने तो शेफारेल." ती म्हणाली, "अहो, लेबल काढून शेफारलेला माणूस मी अजून पाहिला नाही."

मग आलं मेहुणीचं लग्न. चिरंजिवांसाठी जरीचा कुर्ता शिवला होता. मुहूर्ताला वीस मिनिटं उरलेली, बाहेर सनई, आत हा कोपऱ्यात उघडा बसलेला. "टोचतंय," म्हणाला. "कुठे टोचतंय ते दाखव," मी म्हणालो. म्हणजे पुरावा मागितला. तो म्हणाला, "सगळीकडे." मी त्याची पाठ बघितली, मान बघितली. ओरखडा नाही, पुरळ नाही, लाली नाही. "खोटं बोलतोस," असं म्हणून मी त्याला एक चापट मारली.

त्यानंतर तो रडला नाही. त्याने आपणहून दोन्ही हात वर केले आणि मी कुर्ता घातला. सबंध लग्नभर तो एका खुर्चीवर ताठ बसून होता. हात अंगापासून जरा लांब, मान न वळवता. अक्षताही त्याने मनगटापासून टाकल्या. जो तो म्हणत होता, "किती शहाणा मुलगा आहे हो तुमचा!" आणि मी 'आता वळण लागलंय' अशा चेहऱ्याने मान डोलावत होतो. फोटो आहे अल्बममध्ये. हल्ली ते पान मी उलटून पुढे जातो.

पुढे शाळेतून चिठ्ठी आली, शाळेतून बालरोगतज्ज्ञ, आणि त्यांनी पाठवलं एका ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे. मराठीत याला 'व्यवसायोपचार' म्हणतात. मी घाबरून म्हटलं, चार वर्षांच्या पोराला आत्तापासून कसला व्यवसाय? पण तिथे एका खोलीत टांगलेला झोका, भला मोठा चेंडू, आणि टबभर तांदूळ होते. उपचार करणारी बाई म्हणजे जेमतेम पंचविशीची मुलगी. तिने चिरंजिवांना झोक्यावर बसवलं आणि मला खुर्चीवर. मला वाटतं, रोगी कोण हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं असावं.

ती म्हणाली, "शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं शिकतो. त्यांच्याखेरीज शरीराला आणखीही बातम्या येत असतात. कानाच्या आतल्या भागातून तोल कळतो. स्नायूंतून आणि सांध्यांतून हात-पाय कुठे आहेत, किती जोर लावलाय, ते कळतं. या सगळ्या बातम्यांची वर्गवारी मेंदू करतो."

"म्हणजे इनवर्ड क्लार्क!" मी म्हणालो. तिला तो शब्द समजावून सांगावा लागला, पण मला सगळं समजलं. कचेरीत रोज ढीगभर टपाल येतं. इनवर्डवरचा माणूस त्यातलं नव्वद टक्के मुकाट फायलीला लावतो, आणि उरलेल्यावर 'तातडीचे' असा शिक्का मारून साहेबांकडे पाठवतो. तुम्ही हे वाचताय, तेव्हा तुमच्या शर्टाचं लेबल मानेला लागतच आहे. पण तुमच्या इनवर्ड क्लार्कने ते टपाल परस्पर फायलीला लावलंय. आमच्या चिरंजिवांच्या कचेरीत शिक्क्यांची अदलाबदल झाली होती. लेबलावर 'तातडीचे', आणि भिंतीवर आदळल्याची बातमी थेट रद्दीत. ताळेबंद जुळला.

हा विचार पद्धतशीर मांडला तो जीन एअर्स या अमेरिकन बाईंनी, त्यांचं या विषयावरचं पुस्तक १९७२ सालचं. आणि व्यवसायोपचार हे प्रकरण आपल्याला वाटतं तेवढं नवं नाही. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याचं पहिलं शिक्षण सुरू केलं कमलाबाई निंबकरांनी. जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर. म्हणजे 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे मामांचं म्हणणं चूक होतं. असलं सगळं होतं, आपण त्या बाजूला फिरकलो नव्हतो इतकंच.

आता प्रामाणिकपणे सांगायचं, तर या त्रासाला वैद्यकशास्त्रात अजून स्वतःचं खातं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली सांगितलं, की हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नका. मानसविकारांच्या वर्गीकरणाचा जो अमेरिकन ग्रंथ जगभर वापरतात, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत ऑटिझमच्या लक्षणांमध्ये हा प्रकार आला, पण वेगळा आजार म्हणून नाही. आमच्या चिरंजिवांची रीतसर तपासणी झाली. ते ऑटिझमच्या खात्यात बसले नाहीत. उपचारांचा नेमका किती उपयोग होतो, यावरही तज्ज्ञांचं एकमत नाही. सौ. हवालदिल झाली. मी मात्र शांत होतो. जी रक्कम खरी असते, पण कुठल्या शीर्षाखाली टाकायची ते ठरत नाही, ती आम्ही 'उचंत खात्या'त ठेवतो. खातं ठरलेलं नाही म्हणून रक्कम खोटी ठरत नाही. बी. कॉम.च्या तीन वर्षांत शिकलेलं एवढं एकच वाक्य मला संसारात उपयोगी पडलेलं आहे.

खरा तडाखा बसला तो घरी. मी आईला हे सगळं रंगवून सांगत होतो. ती शेंगा सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "तूही तसाच होतास रे. लोकरीचा स्वेटर घातला की अंगाला आग लागल्यासारखा ओरडायचास. वाळूत पाय ठेवायचा नाहीस. ह्यांनी दोन-तीनदा चांगला चोप दिला."

"मग? मी सुधारलो?"

आई थोडा वेळ थांबली. "रडायचा थांबलास," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघत राहिलो. कारण स्वेटर मला अजूनही सोसत नाही. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा झालोय, महाबळेश्वरला कुडकुडतो, पण 'मला थंडी वाजतच नाही' असं हसून सांगतो. सौ.लासुद्धा खरं कारण कधी सांगितलेलं नाही. का नाही सांगितलं, ते त्या शेंगांच्या टोपलीसमोर मला पहिल्यांदा कळलं. आणि जरीच्या कुर्त्यात मनगटापासून अक्षता टाकणारा तो शहाणा मुलगा कुठल्या वळणाला लागला होता, तेही कळलं.

मी पूर्वी एका शाखेत होतो. तिथली तक्रार नोंदवही वर्षानुवर्षं कोरी होती. तपासणीला आलेले साहेब खूश व्हायचे. वही कोरी राहण्याचं कारण असं, की ती कुलूपबंद कपाटात होती आणि किल्ली रजेवर असलेल्या माणसाकडे. मूल मारून 'सुधारतं' ते असं. त्याचं दुखणं जात नाही. वही कपाटात जाते.

याच सुमारास नोव्हेंबर आला आणि हयातीच्या दाखल्यासाठी तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक आले. यंत्र त्यांचा अंगठा ओळखेना. मी म्हटलं, सर, दुसऱ्याला दुखतंय हे आपल्याला कळतं कसं हो? रांगेतले लोक चुळबुळले, पण प्राध्यापकांना बऱ्याच वर्षांनी वर्ग मिळाला होता. ते म्हणाले, "नैयायिकांनी ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतो. तुमची बँक चार्वाकपंथी दिसते." मी म्हटलं, बरोबर आहे, कर्ज काढून तूप पिण्याचा सल्लाही त्यांच्याच नावावर खपतो. ते हसले आणि म्हणाले, "दुसऱ्याचं दुखणं तुम्हाला प्रत्यक्ष कधीच दिसायचं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. लाली, पुरळ यावरून अनुमान काढाल, पण तीही नसली तर? मग उरतो शब्द. आणि शब्द प्रमाण केव्हा? तो आप्ताचा असेल तेव्हा. शास्त्रात आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट माहीत आहे आणि जो खरं सांगतो, असा माणूस."

आपण आप्त हा शब्द फक्त लग्नपत्रिकेत वापरतो, 'आप्तेष्टांसह' वगैरे. आमच्याकडे आप्त म्हणजे नातेवाईक, त्याचं खरंच मानलं पाहिजे असं काही नाही. पण चिरंजिवांच्या मानेला काय होतंय, हे माहीत असलेला माणूस या पृथ्वीतलावर एकच होता. मामा नव्हते, कॅशियर नव्हता, मी तर नव्हतोच. आणि त्या एकमेव आप्ताला मी खोटारडा म्हणालो होतो.

आता तुम्ही म्हणाल, अहो, पोरं खोटंही बोलतात. बोलतात की! आमच्या चिरंजिवांना परवा पाढे लिहिताना पेन्सिल चावायला लागली. तीच पेन्सिल पुढल्या अर्ध्या तासात, राक्षसाचं चित्र काढताना, अजिबात चावली नाही. पण हिशेब करून बघा. खोटी सही असलेला चेक वटवला तर बँकेचं नुकसान, म्हणून आम्ही शंका आली की चेक परत करतो. घरात गणित उलटं आहे. पोराचं एखादं खोटं वटवलं, तर सतराचा पाढा उद्यावर जातो. खरं परत केलं, तर गिऱ्हाईक पुन्हा त्या काउंटरवर येत नाही. सत्तेचाळीस वर्षांचा झाला तरी येत नाही.

शिवाय विश्वास ठेवणं म्हणजे लाड करणं, ही समजूतच चूक आहे. अर्जाची पोच देणं वेगळं आणि कर्ज मंजूर करणं वेगळं. 'दुखतंय, हे मला मान्य आहे' ही झाली पोच. 'म्हणून नखं काढायचीच नाहीत' ही झाली मंजुरी. नखं आमच्याकडे अजूनही काढतात. फक्त आधी हात जोरात दाबून घ्यायचे, मग दिवसाला दोनच बोटं, आणि कुठलं बोट ते चिरंजीव ठरवणार. पाच दिवसांत हप्ते फिटतात. थेरपिस्ट मुलीने सांगितल्यापासून दळणाचा डबा गिरणीपर्यंत तो दोन्ही हातांनी उचलून नेतो, कणीक तिंबतो, पाण्याची बादली ओढतो. अशा जड कामांनी त्याचं अंग शांत होतं म्हणे. त्याचं होतं की नाही ते तो सांगेल, सौ.चं डोकं मात्र निश्चित शांत झालं आहे.

आणि एक चमत्कार मी पाहिला. पोच मिळाली की माणूस मागणी कमी करतो. आमच्या पुण्यात गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीकाठी ढोल-ताशांचे सराव सुरू होतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, अशी मर्यादा सन २००० च्या नियमांत घातलेली आहे. ती कुणाच्या कानाने ठरवली कोण जाणे, ताशाच्या कानाने नक्कीच नाही. पहिल्या वर्षी चिरंजीव विसर्जनाच्या दिवशी पलंगाखाली होते आणि मी 'बाप्पाला काय वाटेल?' असं बाहेरून विचारत होतो. गेल्या वर्षी मी फक्त एवढंच म्हटलं, "तुला आवाज लागतो, मला माहीत आहे. काय करू या?" तो विचार करून म्हणाला, "लांबून. आणि काच लावून. आणि तीन मिनिटं." म्हणून आम्ही मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या एका आतेबहिणीच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो. कारखान्यातले कामगार लावतात तसलं कानझाकण त्याच्या कानांवर. खाली पथक आलं. त्याने काचेवर तळहात ठेवला. ढोलाचा दणका काचेतून हातात येत होता. मी घड्याळ बघत होतो. तीन मिनिटं झाली, मी खूण केली. त्याने दुसराही हात काचेवर ठेवला. अकरा मिनिटं तो तसा उभा होता.

गेल्या महिन्यात माझं डोकं दुखत होतं. वर्षअखेरीचं काम, वरून साहेबांचं बोलणं. सौ. म्हणाली, "ताप आहे का बघू?" तापमापकात ताप निघाला नाही. आई म्हणाली, "चेहऱ्यावरून तर काही दिसत नाही." मी मनात म्हटलं, पुरावा नाही, तक्रार निकालात. आणि खुर्चीत डोळे मिटून बसलो.

थोड्या वेळाने शेजारी खुडबुड झाली. चिरंजीव हातात कात्री घेऊन उभे होते.

"बाबा, लेबल कापू?"

मी म्हणालो, अरे, लेबल नाही, डोकं. त्याने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हो. पण कापू?"

मी मान पुढे केली. लेबलाबरोबर कॉलरचाही रुपयाएवढा तुकडा गेला. नवा शर्ट होता. दुसऱ्या दिवशी मी तोच घालून बँकेत गेलो. साहेबांनी विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "पोच."